झाडांना सावलीच नाही

आमच्या नागोठण्याच्या घरात ओटीवर एक चित्र होतं. दोन फूट बाय तीन फूट, तैलरंगातलं. फ्रेमचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. विषय उन्हाळ्यातलं जंगल. आता 'उन्हाळ्यातलं जंगल' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे गार, हिरवंगार काहीतरी आलं असेल ना, ते विसरा. या चित्रात सागाची उघडीबोडकी खोडं आहेत, एक पांढरट गुलाबी कांडोळ आहे, लांब कुठेतरी बहाव्याचा पिवळा ठिपका आहे आणि खाली नुसता पाचोळा. पाचोळा नारिंगी आणि त्यावर पडलेलं फांद्यांच्या सावल्यांचं जाळं चक्क जांभळं! खोडांवरसुद्धा निळसर जांभळे फटकारे. फक्त डावीकडे एक छान डेरेदार हिरवं झाड आणि त्याची व्यवस्थित काळपट, तिरकी सावली. खाली सही आणि तारीख, १४ मे १९८८.

चित्र माझ्या थोरल्या काकांचं. काका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. तरुणपणी मुंबईला राहून आर्ट टीचर डिप्लोमा केला आणि गावाकडे परत आले. नागोठण्याची निम्मी मुलं त्यांच्या हाताखाली एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसली असतील. अंबा नदीवरचा जुना दगडी पूल काढायला न आलेला विद्यार्थी त्यांच्याकडे शोधून सापडायचा नाही.

तर या चित्राची आमच्या घरात यथेच्छ थट्टा व्हायची. पाहुणे यायचे, चहा व्हायचा, मग नजर भिंतीवर जायची. "मास्तर, यंदा जांभळं फार पडलीत वाटतं जंगलात!" हा सगळ्यात लोकप्रिय विनोद. दुसरा, "अहो, झाडांना सावली द्यायला विसरलात की!" आणि ते खरंच होतं. फांद्यांचं जाळं होतं, पण खोडांच्या लांबलचक पट्टेरी सावल्या, ज्या आपण सगळे शाळेत काढतो, त्या कुठेच नव्हत्या. शेवटी समजूत काढल्यासारखं कुणीतरी म्हणायचं, "पण ते डावीकडचं हिरवं झाड मात्र झकास जमलंय हं." काका हसायचे आणि कपबशी खाली ठेवायचे.

आता माझा गुन्हा सांगतो. मी आठवीत होतो. एलिमेंटरीची तयारी काकाच घ्यायचे. त्यांचा एकच नियम होता, रंगाच्या पेटीतल्या काळ्याला हात लावायचा नाही. "सावली काळी असते असं तुला कुणी सांगितलं? बघितलीयस का कधी?" असं म्हणून मला भर दुपारी अंगणात उभं करायचे आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवरची शेवग्याची सावली बघायला लावायचे. मला काही जांभळं-बिंभळं दिसायचं नाही. तरी त्यांच्यावर विश्वास ठेवून सरावाच्या चित्रात मी सावल्या जांभळ्या केल्या आणि वर्गात यथासांग हसं करून घेतलं. त्याच रविवारी घरी पाहुणे होते. चित्राचा विषय निघाला आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काकांना रंग नीट दिसतच नाहीत. कलरब्लाइंड आहेत ते!"

प्रचंड हशा. काकासुद्धा हसले.

त्यानंतर काकांना रंगाची पेटी घेऊन बाहेर पडताना बघितल्याचं मला आठवत नाही. त्या एका वाक्याने झालं असं म्हणण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण आठवत नाही एवढं खरं.

असो. मग बारावी, सीईटी, इंजिनीअरिंग, कॅम्पस, हिंजवडी. आपल्या सगळ्यांची असते तीच गोष्ट.

गेल्या वर्षी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी पॅरिसला ऑनसाईट पाठवलं. शनिवार कपडे धुण्यात जायचा, रविवार एकटेपणात. तेवढ्यात टीममधल्या एकाने सांगितलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑर्से म्युझियम फुकट असतं. फुकट म्हटल्यावर आपण जाणारच! पूर्वीच्या रेल्वे स्टेशनात केलेलं हे म्युझियम. मी मोबाईलवर फोटो काढत, पाय ओढत हिंडत होतो आणि एका चित्रासमोर थांबलो. खरं म्हणजे ते चित्राचे दोन तुकडे होते, वेगवेगळ्या आकाराचे, माणसापेक्षा उंच. उन्हाळ्यातलं जंगल, झाडाखाली वनभोजनाला जमलेली मंडळी, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पानांतून गळलेलं ऊन. आणि त्या पांढऱ्या कापडावरची सावली निळी-जांभळी.

मी पाचएक मिनिटं नुसता उभा होतो. डोक्यात एकच वाक्य, 'अरे, हे तर काकांचं आहे!'

चित्र होतं क्लोद मोनेचं. १८६५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी (म्हणजे माझ्यापेक्षा लहान!) तो पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात जाऊन राहिला. डोक्यात खूळ असं, की चार मीटर उंच आणि सहा मीटर रुंद असं अवाढव्य चित्र करायचं आणि त्यात जंगलातलं खरं ऊन पकडायचं. तिथे बसून त्याने अभ्यासचित्रं केली, मोठा कॅनव्हास मात्र पुरा झालाच नाही. पुढे १८७८ मध्ये घरभाड्याची उधारी राहिली म्हणून तो कॅनव्हास घरमालकाकडे तारण पडला. १८८४ मध्ये सोडवून आणला तेव्हा ओलीने बुरशी धरून बराच खराब झाला होता. मोनेने तो कापला आणि बरे तुकडे ठेवले. मी बघत होतो ते हे तुकडे.

बुरशीचं वाचून मला पुन्हा घर आठवलं. १९८९ च्या जुलैत अंबेला महापूर आला, वर जांभूळपाड्यात तर हाहाकार उडाला. त्या वेळी काकांनी भांड्याकुंड्यांच्या आधी हे चित्र माळ्यावर चढवलं होतं, असं आई अजून सांगते. सांगताना कौतुक आणि तक्रार दोन्ही असतं. पाण्यातून वाचलं, पण त्या पावसाळ्याची बुरशी एका कोपऱ्यात अजून दिसते.

त्या रात्री हॉटेलवर बसून मी वाचत सुटलो. १८७४ मध्ये या मंडळींनी पॅरिसमध्ये स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या एका सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका पत्रकाराने त्यांना टिंगलीने 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मराठीत याला दृक्प्रत्ययवाद असा भारदस्त शब्द आहे. दुसरं प्रदर्शन १८७६ चं. त्यावर 'ल फिगारो'मध्ये आल्बेर वोल्फ नावाच्या समीक्षकाने जी झोड उठवली, त्यात एक तक्रार अशी होती की झाडं जांभळी नसतात, हे कुणीतरी त्या पिसारोला समजवा. वाचून मी उडालोच. १८७६ चं पॅरिस आणि आमची नागोठण्याची ओटी, दोन्हीकडे विनोद तोच!

आता इंजिनीअर असल्यामुळे 'सुंदर आहे' म्हणून गप्प बसता येईना. सावली खरंच जांभळी असते की हे सगळे मिळून फेकतायत?

मोबाईलचा कॅमेरा ऑटोवर असला की तो व्हाइट बॅलन्स नावाचा एक उद्योग करतो. आजूबाजूचा उजेड कसाही असो, पांढरी वस्तू पांढरीच दिसावी म्हणून रंग सरकवून देतो. आपला मेंदूही हेच करतो आणि आपल्याला न विचारता करतो. परत आल्यावर मी वाकडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर भर दुपारी एक पांढरा रुमाल उन्हात ठेवला आणि एक टाकीच्या सावलीत. व्हाइट बॅलन्स उन्हावर लॉक केला, फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर पिक्सेल तपासले. सावलीतल्या रुमालात निळ्याचा आकडा लालपेक्षा स्पष्ट जास्त! विचार केला तर सरळ आहे. सावलीत सूर्य पोचत नाही, पण आभाळ पोचतं. सावलीवर निळा दिवा लावलेलाच असतो.

मग निळी ठीक आहे, जांभळी का? तर त्यासाठी शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगायला हवी. आपल्या धंद्यातल्या लोकांना ती फार आवडेल. १८२४ मध्ये हा माणूस पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळा धागा फिका पडतो, रंगात खोट आहे. शेव्रलने रंग तपासला. उत्तम. दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून बघितला. तरी उत्तम. शेवटी लक्षात आलं की खोट रंगात नाहीच, शेजाऱ्यात आहे. काळ्याच्या बाजूला निळा-जांभळा धागा विणला की काळा मरतो. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. पिवळ्याशेजारी राखाडी ठेवा, ते जांभळट दिसायला लागतं. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे चित्रकारांनी तो उचलला. एका मोड्यूलमधला बग चार दिवस शोधायचा आणि तो शेजारच्या मोड्यूलमध्ये निघायचा, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. शेव्रल आपलाच माणूस!

आता हे सगळं काकांच्या जंगलाला लावून बघा. फोंतेनब्लोच्या उन्हाळ्यात झाडं पानांनी भरलेली, म्हणजे खाली येणारा बराचसा उजेड हिरव्या पानांतून गाळून येणार. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे सागाने सगळी पानं टाकलेली, ऐन बोडका. डोक्यावर छप्परच नाही, त्यामुळे आभाळाचा निळा थेट जमिनीवर. जमिनीवर तांबूस पिवळा पाचोळा. अशा पिवळ्याशेजारी निळसर राखाडी सावली जांभळी दिसणार नाही तर काय! मोनेपेक्षा जांभळं रंगवायचा हक्क आमच्या काकांना जास्त होता म्हणा ना.

आणि हे काकांनी कुठून तरी आयतं आणलं असंही नाही. ते मुंबईत शिकले तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरी उघडून वीसेक वर्षं झाली होती, आणि हा उजळ रंगांचा वारा तर त्याच्याही आधी मुंबईत पोचला होता. १९३८ च्या सुमारास वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार नाझींच्या भीतीने मुंबईत आला, टाइम्स ऑफ इंडियाचा आर्ट डायरेक्टर झाला. त्याच्या घरी रझा, आरा यांच्यासारखी तरुण पोरं जमायची. रझांचे वडील तर जंगलखात्यात होते, पोराचं लहानपण मध्य प्रांतातल्या जंगलात गेलेलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी आमच्या काकांचं दैवत, कोल्हापूरचे अबालाल रहिमान. हा माणूस १९३१ मध्ये गेला. फ्रान्सला न जाता, कोटितीर्थाच्या काठी बसून त्यांनी पाण्यावरचा उजेड रंगवला. काका लहानपणी मला अबालालांबद्दल सांगायचे तेव्हा मी कार्टून बघत असायचो. काय बोलणार.

तर मी पॅरिसहून फोन केला. "काका, तुमचं चित्र बरोबर आहे!" वगैरे बरंच बोललो. पलीकडून शांत आवाज आला, "अरे, मला आता त्यात जांभळं दिसतच नाही. सगळं शेवाळलेलं दिसतं. बुरशी चढली असेल."

काकूने मागून ओरडून सांगितलं, "मोतीबिंदू झालाय, ऑपरेशनला तयार नाहीत!"

हे ऐकून मी परत मोनेकडे. त्यालाही हेच झालं होतं. १९१२ मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचं निदान झालं. डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि सगळ्यात आधी निळा-जांभळा अडवतं. त्याची त्या काळातली काही चित्रं लालतपकिरी झालीत. तोही ऑपरेशनला घाबरत होता. शेवटी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं केलं, आणि मग तक्रार उलटी, की सगळं फार निळं दिसतं! मी हे सगळं काकांना फोनवर रंगवून सांगितलं. म्हटलं, मोनेने बिनालेन्सचं ऑपरेशन सोसलं, तुम्हाला तर लेन्स बसवणार, अर्ध्या तासाचं काम. मोने सोसला म्हणून की काकू रडली म्हणून माहीत नाही, पण काका तयार झाले. फेब्रुवारीत पनवेलला एक डोळा, मार्चमध्ये दुसरा.

पट्टी निघाल्यावर दोन दिवसांनी त्यांचा फोन. "अरे, गंमत झाली. बनियन निळं दिसायला लागलं. मी तुझ्या काकूला बोललो की नीळ जास्त पडलीय. ती म्हणाली, नीळ घालून वर्षं झाली!" मग थोडं थांबून म्हणाले, "चित्र बघितलं. आहे रे जांभळं."

मे महिन्यात पावसाआधी कौलं परतायला घेणार होते, म्हणून आईचा प्रश्न आला, "ते चित्र तू नेतोस की माळ्यावर टाकू?" मी रजा टाकली आणि बाईकवर खोपोली-पालीवरून वाकण फाट्याला उतरलो. तारीख मुद्दाम धरली होती, १४ मे. काकांना म्हटलं, "जिथे बसून काढलंत तिथे जाऊ या." काकूने आधी कडाडून विरोध केला, मग माझ्या खिशात एक आणि काकांच्या खिशात एक असे दोन पांढरे कांदे कोंबले, छत्री दिली, आणि आम्ही रोह्याच्या रस्त्याला लागलो.

भिसे खिंडीच्या अलीकडे काकांनी बाईक थांबवायला सांगितली. सदतीस वर्षांत काय राहिलं असेल अशी मला धाकधूक होती. आमच्या भागातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे, आणि त्यात लहानपणी बघितलेली दुतर्फाची झाडं कधीच गेली. पण इथे आत पन्नासेक पावलांवर जंगल होतं. तेच साग होते की त्यांच्या बुंध्यांतून फुटलेले दुसरे, देव जाणे. काका म्हणाले कांडोळ तोच आहे. करवंदीच्या जाळीत दोन ठाकर बायका डालग्यात करवंदं गोळा करत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि 'या उन्हात यांचं काय हरवलंय' असा चेहरा करून पुन्हा कामाला लागल्या.

पाचोळा कराकरा वाजत होता. मी घड्याळ बघितलं. साडेबाराच्या जरा पुढे. काकांची काठी मागून घेतली आणि जमिनीवर सरळ उभी धरली.

काठीला सावली नव्हती.

हे मी आधी गणित करून आलो होतो, तरी अंगावर काटा आला. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. नागोठण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास, म्हणजे तो दिवस १३-१४ मेच्या सुमाराला येतो आणि दुसरा जुलैच्या अखेरीला, जेव्हा आमच्याकडे सूर्य दिसण्याची पंचाईत. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशाचं, म्हणून इथली खरी माध्यान्ह साडेबारानंतर. त्या काही मिनिटांत सरळ खोडाला बाजूला सावलीच पडत नाही. फांद्यांची मात्र पडते, थेट खाली, जाळ्यासारखी. फोंतेनब्लोत भर जूनमध्येसुद्धा सूर्य पासष्ट अंशांच्या वर चढत नाही. मोनेच्या नशिबात हे दृश्यच नव्हतं.

आणि जाळं जांभळं होतं. मी बघितलं. 'सावली आहे' हे दोन मिनिटं डोक्यातून काढून टाकलं, नुसता रंगाचा डाग म्हणून बघितलं, आणि दिसलं. काय सांगू तुम्हाला! आठवीत अंगणात उभा होतो तेव्हाही ते तिथे असणारच.

"काका," मी म्हटलं, "मी तुम्हाला एकदा सगळ्यांसमोर कलरब्लाइंड म्हटलं होतं. आठवतं का?"

"आठवतं की." काका काठी परत घेत म्हणाले. "तू एकटा थोडाच होतास. आणि मलाही पुढेपुढे वाटायला लागलं, इतकी माणसं म्हणतायत तर चुकलंच असेल. मग डोळ्यांत हे सुरू झालं, आणि चित्रात जांभळं दिसेना. म्हटलं, बघा, नव्हतंच. उगाच भांडत होतो."

मी सॉरी म्हणालो. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. काका कांडोळाकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "पण त्या चित्रात एक थाप आहे. तुला अजून सापडली नाही?"

मी मोबाईलमधला चित्राचा फोटो काढला. समोर बघितलं, फोटोत बघितलं. साग, कांडोळ, डोंगराची रेघ. आणि मग सापडली. इतके दिवस अक्षांश-रेखांश मांडत बसलो होतो आणि समोरची गोष्ट दिसली नव्हती. डावीकडचं हिरवं झाड! बिनसावलीच्या जंगलात त्या एकट्याला तिरकी सावली. आणि तीही काळी.

"पेणला प्रदर्शन होतं," काका म्हणाले. "एकजण बोलला, मास्तर, उन्हाळा असला तरी एखादं हिरवं झाड पाहिजे, नाहीतर कोण घेणार? मग घरी बसून, रात्री ट्यूबलाइटखाली, मनानेच घातलं. सावलीसकट." मग हसले. "तरी नाहीच विकलं गेलं."

म्हणजे सदतीस वर्षं आमच्या ओटीवर आलेल्या प्रत्येक माणसाने त्या चित्रातली एकच गोष्ट खरी म्हणून वाखाणली होती आणि तेवढीच खोटी होती. आणि काका दर वेळी कपबशी खाली ठेवून हसत होते ते या गोष्टीवर!

"खरवडून काढू या का ते झाड?" मी विचारलं.

"आता कशाला? असू दे. रंग आणून दे, दुसरं करू." तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी मला यादी सांगितली आणि मी मोबाईलवर टिपून घेतली. टायटॅनियम व्हाइट मोठी ट्यूब, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, यलो ऑकर, क्रिमझन, कॅडमियम ऑरेंज. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सगळे मिळाले. दुकानदाराने बिल करताना विचारलं, "ब्लॅक राहिला ना?" म्हटलं, "नको, काका रागावतील."

पावसाआधी त्यांचं एक छोटं, वहीएवढं चित्र झालं. पाऊस लागल्यावर अंगणातल्या शेवग्याचं एक. काकू व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवते, वर 'नवीन खूळ' असं लिहून. मी 'मस्त', 'सुंदर' वगैरे लिहीत नाही. विचारतो, "किती वाजता काढलं?" काका लगेच फोन करतात, आणि मग अर्धा तास नक्की.

ते जुनं चित्र आता माझ्या वाकडच्या फ्लॅटवर आहे. आईने बेडशीटमध्ये गुंडाळून दिलं, मी बसमधून मांडीवर ठेवून आणलं (बाईक नागोठण्यालाच, नंतर आणली). हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलंय. परवा रूममेट कॉफीचा मग घेऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाकी काही झेपलं नाही रे, पण ते डावीकडचं हिरवं झाड एकदम खरं वाटतं."

मी त्याला म्हटलं, "पुढच्या वर्षी १४ मेला काय करतोयस?"